आडवी रेघ: जोडणारी कोणती, अंतर दाखवणारी कोणती?
इंग्रजी ऑर्डर, बिल, चेक आणि पाटी लिहिताना हायफन व डॅश यांचा वापर

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, गंगाखेडच्या अलीकडे, पोखर्णी नृसिंह हे स्थानक लागते. या मार्गाच्या शेवटच्या गावाचे नाव आणि खुद्द मार्गाचे नाव एका कागदावर शेजारी शेजारी लिहून पाहिले, तर आजच्या विषयाचा अर्धा भाग तेथेच उलगडतो. गावाचे नाव परळी-वैजनाथ. शब्द दोन, गाव एक; मधली लहान रेघ त्या दोन शब्दांना एकत्र बांधते. मार्गाचे नाव परभणी–परळी. येथे गावे दोन आहेत, आणि मधली जराशी लांब रेघ त्यांच्यातील अंतर दाखवते. पोखर्णी त्या रेघेच्या पोटात येते. पहिली रेघ म्हणजे इंग्रजीतला हायफन, दुसरी म्हणजे डॅश.

एवढ्याशा रेघेसाठी व्यापार-उद्योगाचे पान कशाला खर्ची घालायचे, असे आमचे काही दुकानदार बांधव म्हणतील. त्यांना आमचे सांगणे इतकेच की, गावातला व्यवहार तोंडी चालतो. शब्द चुकला तर समोरचा माणूस तिथल्या तिथे विचारून घेतो. पण सुटे भाग, कापड, पाइप, प्लायवूड असा माल हैदराबाद, मुंबई किंवा सुरतेहून मागवायचा झाला की ऑर्डर बहुधा इंग्रजीत जाते, आणि आता ती पत्राने नव्हे तर मोबाइलवरून जाते. समोरचा व्यापारी आपल्याला ओळखत नाही, तो आपला मजकूर ओळखतो. मजकुराचा जो अर्थ निघेल तोच माल गाडीत चढतो.

समजा, पोखर्णीतल्या एखाद्या वेल्डिंगच्या दुकानदाराने इंग्रजीत लिहिले: ‘सेंड १०-२० फूट पाइप’. त्याच्या मनात आहेत वीस फुटांचे दहा पाइप. वाचणारा मात्र दहा ते वीस फुटांच्या दरम्यान जी लांबी असेल ती चालेल, असा अर्थ घेईल. नग किती ते लिहिलेले नाही म्हणून त्याने फोन केला तर ठीक. अंदाजाने माल भरला तर परतीचे भाडे कोणाच्या माथी? हीच ऑर्डर ‘टेन २०-फूट पाइप्स’ अशी लिहिली तर शंकेला जागा राहत नाही. नगांची संख्या अक्षरात, माप आकड्यात, आणि हायफन फक्त माप व फूट यांच्यामध्ये. दोन मापांचे पाइप हवे असतील तर ‘८- अँड १०-फूट पाइप्स’ असे लिहितात. पहिल्या आठनंतरचा लोंबता हायफन विचित्र दिसतो, पण तो चुकीचा नाही; ‘फूट’ हा शब्द पुढे येणार आहे, एवढे तो सांगतो.

या घोटाळ्याचे मूळ आपल्या मराठी बोलण्यात आहे. मराठीत ‘दहा-वीस पाइप द्या’ म्हणजे अदमासे काही पाइप. ‘दोन-चार दिवसांत’, ‘पाच-पंचवीस माणसे’, ‘दहा-पाच रुपये’ ही सगळी अंदाजाची भाषा आहे. ‘दहा-पाच’मध्ये तर मोठा आकडा आधी आणि लहान नंतर येतो, तरी कोणाला खटकत नाही. इंग्रजीत आकड्यांमधली रेघ अंदाज सांगत नाही. ती दोन टोके पक्की करते. ‘डिलिव्हरी: १०–१२ डेज’ असे लिहून दिले की दहावा दिवस आणि बारावा दिवस ही हद्द ठरली. तेराव्या दिवशी गिऱ्हाईक तोच कागद पुढे धरणार. अंदाजच सांगायचा असेल तर ‘अबाउट टेन डेज’ असे सरळ लिहावे.

आणखी एक सवय. ‘फ्रॉम’ हा शब्द लिहिला की पुढे रेघ मारू नये. ‘फ्रॉम १० टू १२’ हे बरोबर, नुसते ‘१०–१२’ हेही बरोबर; ‘फ्रॉम १०–१२’ हे अर्धे धोतर अर्धी लुंगी झाले. ‘बिट्वीन’चेही तसेच, त्याच्या जोडीला ‘अँड’ लागतो.

आता हायफनकडे वळू. आपल्या व्यापारी लिखाणात तो जास्त लागतो आणि चुकतोही जास्त. नियम सोपा आहे: दोन किंवा अधिक शब्द मिळून पुढच्या नामाचे एकच विशेषण होत असतील, तर त्यांना हायफनने बांधावे. नमुन्यादाखल चिल्लरच घ्या. ‘ट्वेंटी फाइव्ह-रुपी कॉइन्स’ म्हणजे पाच रुपयांची वीस नाणी, एकूण शंभर रुपये. ‘ट्वेंटी-फाइव्ह रुपी कॉइन्स’ म्हणजे एक रुपयाची पंचवीस नाणी, एकूण पंचवीस रुपये. शब्द तेच, क्रम तोच. रेघ एका जागेवरून दुसरीकडे सरकली आणि पंचाहत्तर रुपयांचा फरक पडला.

घड्याळ दुरुस्त करणाऱ्या बांधवांनी पाटीवर ‘सेकंड-हँड वॉचेस’ लिहिले तर वापरलेली घड्याळे. हायफन गाळला तर वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे सेकंदकाटा येऊ शकतो. गाद्या-सोफ्याचे काम करणाऱ्याने ‘सोफा री-कव्हरिंग’ असे हायफन देऊन लिहावे, म्हणजे नवे कापड चढवणे. हायफन काढून तोच शब्द लिहिला तर परत मिळवणे, वसूल करणे असा अर्थ होतो, आणि वसुलीचे काम करणारे वेगळे असतात! करार पुन्हा सही करून नवा केला तर ‘री-साइन्ड’. हायफन विसरला तर इंग्रजी अक्षरे तीच राहून शब्द ‘रिझाइन्ड’ असा वाचला जातो, म्हणजे राजीनामा दिला. भागीदारीच्या कागदात ही चूक हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

कर्जाच्या अर्जात ‘स्मॉल शॉप ओनर’ असे पुष्कळजण लिहितात. अर्थ कळतो, परंतु काटेकोर वाचणाऱ्याला तो ठेंगण्या मालकाबद्दलही वाटू शकतो. ‘स्मॉल-शॉप ओनर’ म्हटले की दुकान लहान आहे हे नक्की झाले. कापसाच्या व्यवहारात ‘लाँग-स्टेपल कॉटन’, पंपाच्या दुकानात ‘हेवी-ड्यूटी पंप’, गॅरंटीच्या कार्डावर ‘टू-इयर गॅरंटी’. शेवटच्या उदाहरणात आपले लोक हमखास ‘टू इयर्स गॅरंटी’ लिहितात, कारण मराठीत ‘दोन वर्षांची’ असे अनेकवचन असते. इंग्रजीत हायफनने बांधलेल्या मापात एकवचन राहते: ‘फाइव्ह-फूट कपाट’, ‘टेन-किलो बॅग’, ‘ट्वेंटी-फोर-अवर सर्व्हिस’.

हेच शब्द नामाच्या नंतर आले तर बहुधा हायफन लागत नाही. ‘अप-टु-डेट अकाउंट्स’, पण ‘द अकाउंट्स आर अप टु डेट’. ‘वेल-नोन शॉप’, पण ‘द शॉप इज वेल नोन’. आणि ज्या क्रियाविशेषणाच्या शेवटी ‘ली’ येतो त्याला नामाआधीही हायफन देऊ नये. ‘न्यूली ओपन्ड शॉप’ एवढेच पुरे. तो ‘ली’च जोडणीचे काम करतो. गावोगावच्या उद्घाटनाच्या फलकांवर हा फालतू हायफन आम्ही नेहमी पाहतो. त्याने नुकसान काही होत नाही, पण रंगाऱ्याचा रंग वाया जातो.

मात्र कोणत्या शब्दाला कायमचा हायफन आहे, हे काळाप्रमाणे बदलते. ऑक्सफर्डच्या शॉर्टर इंग्रजी शब्दकोशाची सहावी आवृत्ती २००७ साली निघाली. तिच्यात सुमारे १६,००० शब्दांतले हायफन काढून टाकण्यात आले. ‘आइस-क्रीम’चे दोन सुटे शब्द झाले ते त्यातच. त्यामुळे आइस्क्रीमवाल्याने आता ते दोन शब्द हायफनशिवाय रंगवावेत. उलट कायद्याच्या नावात जो हायफन आहे तो तसाच ठेवावा लागतो. महाराष्ट्राचा १९६०चा सहकारी संस्था अधिनियम इंग्रजीत ‘को-ऑपरेटिव्ह’ असा हायफनसह छापला आहे; सोसायटीच्या नावात आणि शिक्क्यात नोंदणीप्रमाणेच लिहावे, शब्दकोश काहीही म्हणो.

आपल्याकडे ही चिन्हे आली तरी कशी? मोडीतल्या जुन्या खतावण्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक आहे की, तेथे विरामचिन्हे तर नाहीतच, शब्दांमधली मोकळी जागाही नाही. लेखणी न उचलता ओळ धावत जाते. मराठीत इंग्रजी पद्धतीची विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. मोल्सवर्थ यांच्या मराठी–इंग्रजी कोशाच्या कामातले ते सहकारी. शाळेत आपण ‘संयोगचिन्ह’ आणि ‘अपसारण चिन्ह’ ही नावे पाठ करतो, तो त्या काळाचा वारसा. हायफन म्हणजे संयोगचिन्ह, डॅश म्हणजे अपसारण चिन्ह. ‘देणे-घेणे’, ‘आई-वडील’ लिहिताना आपण संयोगचिन्ह सहज देतो. इंग्रजीत मात्र ‘फादर अँड मदर’ अशा साध्या जोडीला हायफन नसतो, म्हणून मराठीची सवय तिकडे तशीच नेऊ नये.

उर्दू माध्यमात शिकलेल्या बांधवांची अडचण निराळी आहे. उर्दूत वाक्य संपले की टिंब देत नाहीत, ओळीच्या तळाशी लहान आडवी रेघ देतात; तिला खत्मा म्हणतात. ज्याच्या हाताला लहानपणापासून ही रेघ वळणी पडली आहे, त्याच्या इंग्रजी पत्रातही वाक्याच्या शेवटी टिंबाऐवजी रेघ येते. वाचणाऱ्याला वाटते वाक्य अजून पुरे झालेले नाही, पुढे काही लिहायचे राहिले आहे. उर्दूत जी रेघ ‘संपले’ म्हणते, तीच इंग्रजीत ‘थांबा, पुढे आहे’ म्हणते.

चेक, बिल आणि रुपयाची रेघ

रकमेपुढे आपण रोज जी खूण करतो, ‘५००/-’, तिच्यातही एक डॅश आहे, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. इंग्लंडात १९७१ सालापूर्वी शिलिंग आणि पेन्स वेगळे दाखवताना मध्ये तिरकी रेघ मारत. पाच शिलिंग पुरे, पेन्स काही नाही, तर पेन्सच्या जागी आडवी रेघ. आपल्याकडेही १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येईपर्यंत रुपये, आणे, पै अशी तीन घरे होती. रिकाम्या घरात शून्य तरी लिहायचे किंवा रेघ तरी मारायची. आणे गेले, पै गेली, रेघ राहिली. आज तिचा उपयोग इतकाच की आकड्याच्या पुढे कोणाला एखादे शून्य वाढवता येऊ नये. म्हणून ती आकड्याला चिकटून काढावी. ‘५००.००/-’ असे लिहिणे मात्र निरर्थक आहे. पैशांची दोन शून्ये लिहिल्यावर ‘पैसे नाहीत’ हे पुन्हा कशाला सांगायचे?

आकड्याच्या आधी रेघ कधीही मारू नये. ‘रु. -५००’ म्हणजे उणे पाचशे असा अर्थ होतो. उधारीच्या खात्यात ‘बॅलन्स - ५००’ लिहिले तर गिऱ्हाइकाकडून येणे आहे की त्याचेच जादा जमा आहेत, हे लिहिणाऱ्यालाच सहा महिन्यांनी सांगता येणार नाही. ‘ड्यू ५००’ किंवा ‘अॅडव्हान्स ५००’ असा शब्द लिहावा. शब्द एक वाढला तरी भांडण एक कमी.

चेकवर रक्कम अक्षरात लिहिताना एकवीसपासून नव्व्याण्णवपर्यंतच्या जोडसंख्यांना हायफन येतो: ‘ट्वेंटी-वन’, ‘फॉर्टी-फाइव्ह’, ‘नाइन्टी-नाइन’. शंभर, हजार, लाख यांना येत नाही. ४५,२३६ रुपये म्हणजे ‘फॉर्टी-फाइव्ह थाउजंड टू हंड्रेड थर्टी-सिक्स ओन्ली’. हायफन राहून गेला तरी रक्कम बदलत नाही. पण अक्षरी रक्कम नीट लिहिण्याची सवय असावी, कारण परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१च्या कलम १८प्रमाणे आकडा आणि अक्षर यांत तफावत पडली तर अक्षरी रक्कम खरी धरतात. ‘ओन्ली’नंतर उरलेल्या रिकाम्या जागेत जी लांब रेघ ओढतो ती हायफनही नव्हे आणि डॅशही नव्हे, ते कुंपण आहे, आणि ते जरूर घालावे.

बिलाच्या क्रमांकात तर ही रेघ थेट कायद्यात आली आहे. जीएसटी १ जुलै २०१७ रोजी सुरू झाला. त्याच्या २०१७च्या नियमांतील नियम ४६ सांगतो की, बिलाचा क्रमांक सलग असावा, आर्थिक वर्षात पुन्हा येऊ नये, आणि सोळा चिन्हांपेक्षा मोठा नसावा. त्यात इंग्रजी अक्षरे, आकडे आणि विशेष चिन्हांपैकी फक्त दोन वापरता येतात: आडवी रेघ आणि तिरकी रेघ. नियमात या आडव्या रेघेला ‘हायफन किंवा डॅश’ असे म्हटले आहे. व्याकरणवाले दोघांत एवढा भेद करतात, सरकारने दोघांना एकाच खुर्चीवर बसवले! कंपोझिशन योजनेतील दुकानदार जे ‘बिल ऑफ सप्लाय’ देतात त्यालाही नियम ४९ खाली हीच सोळा चिन्हांची मर्यादा आहे.

येथे हिशेब करून पाहण्यासारखा आहे. पोखर्णीच्या एखाद्या दुकानाने ‘पी, के, एच’ ही तीन इंग्रजी अक्षरे, मग तिरकी रेघ, मग २०२५-२६, पुन्हा तिरकी रेघ आणि शेवटी ०१२३ असा क्रमांक ठरवला. अक्षरे ३, तिरकी रेघ १, वर्ष हायफनसह ७, दुसरी तिरकी रेघ १, अनुक्रमांक ४. एकूण बरोबर सोळा. हायफन आणि तिरक्या रेघाही मोजल्या जातात हे ध्यानात ठेवावे. याचा अर्थ ९,९९९ बिलांपर्यंत हा क्रमांक चालेल; दहा हजारावे बिल आले की सतरा चिन्हे होतील. ज्यांची बिले जास्त फाटतात त्यांनी वर्ष २५-२६ असे लिहिले तर दोन जागा मोकळ्या होतात आणि अनुक्रमांक सहा आकडी करता येतो. बिलबुक छापून आणण्याआधी बोटांवर मोजून घ्यावे. ज्यांची उलाढाल पाच कोटींवर असल्याने ई-इन्व्हॉइस करावे लागते, त्यांचा क्रमांक शून्याने किंवा रेघेने सुरू झालेलाही चालत नाही.

संगणकावर आणखी एक फसगत होते. कळफलकावर शून्याशेजारी जी लहान रेघ असते ती एकच. हायफन, उणे आणि डॅश ही तिन्ही कामे ती टंकलेखन यंत्राच्या काळापासून करीत आली. जुने टंकलेखक डॅशसाठी ती दोनदा मारीत. हल्लीचे लेखनाचे प्रोग्राम दोन हायफन दिसले की आपणहून लांब डॅश करून टाकतात. डोळ्याला फरक केसाएवढा, पण यंत्राच्या लेखी ते निराळे चिन्ह. म्हणून पत्राच्या फाइलमधून उचललेला बिल क्रमांक फॉर्ममध्ये डकवला आणि तो स्वीकारला गेला नाही, तर आधी रेघेवर संशय घ्यावा. रेघ पुसून कळफलकावरून पुन्हा मारावी.

जाणकारांसाठी सांगतो, छापखान्यात डॅशही दोन आहेत. इंग्रजी ‘एन’ अक्षराच्या रुंदीचा तो एन-डॅश; अंतर आणि हद्द दाखवायला तो वापरतात, जसे परभणी–परळी. ‘एम’च्या रुंदीचा तो एम-डॅश, वाक्यात मध्येच काही सांगायचे असेल तर तो दोन्ही बाजूंनी देतात. ‘४० पोती मिळाली — त्यांपैकी ३ फाटकी — सोमवारी’ अशी ती रचना. आमच्या मते व्यापारी पत्रात एम-डॅशची गरज फार थोडी. पोती चाळीस आली हे एका वाक्यात आणि तीन फाटकी निघाली हे दुसऱ्या वाक्यात लिहावे. तक्रार ठळक दिसते. आणि ‘सब्जेक्ट:-’, ‘रेफ:-’, ‘नोट:-’ अशी दोन टिंबांपुढे रेघ ओढण्याची जी पद्धत आपल्याकडे शाळेपासून चालत आली आहे, ती जुन्या इंग्रजी छपाईची उरलीसुरली खूण आहे. नुसती दोन टिंबे पुरतात.

सगळ्याच रेघा जोडणाऱ्या किंवा अंतर दाखवणाऱ्या नसतात, हे कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्यांना सांगायला नको. खताच्या पोत्यावर १०-२६-२६ असते, १८-४६-० असते. यात हायफन नुसती घरे पाडतो: पहिले घर नत्राचे, दुसरे स्फुरदाचे, तिसरे पालाशचे, प्रत्येकी शेकडा किती ते. पुष्कळ ठिकाणी म्हणूनच रेघेऐवजी दोन टिंबे देतात, आणि ते अधिक बरे. बियाण्यात घोळ जास्त होतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे सोयाबीनचे वाण एमएयूएस-७१, एमएयूएस-१५८, एमएयूएस-१६२ अशा नावांनी शेतकऱ्यांना माहीत आहेत. येथला हायफन नावाचा भाग आहे. पण कोणी घाईत मागणी लिहिली ‘एमएयूएस १५८-१६२, २० बॅग’, तर पोती दोन्ही मिळून वीस की प्रत्येकी वीस? की दोन्हीपैकी जे असेल ते? दोन वाणांच्या दोन ओळी कराव्यात. पेरणीच्या हंगामात चुकीचे बियाणे आले तर ते बदलून मिळेपर्यंत वाफसा थांबत नाही.

तारखेतल्या रेघांबद्दलही सावध असावे. ५-६-२०२५ ही आपल्याकडे ५ जून. अमेरिकेतला खरेदीदार ती ६ मे वाचील. आंतरराष्ट्रीय मानक १९८८ सालापासून आहे, त्यात वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, आणि मध्ये हायफन: २०२५-०६-०५. परदेशी मालाच्या कागदांवर हे तरी लिहावे, नाहीतर महिना अक्षरात लिहावा.

एका चिन्हाने सरकारी तिजोरीलाही चाट बसल्याचे उदाहरण आहे. अमेरिकेच्या १८७२च्या आयात-कर कायद्यात लागवडीसाठी आणलेली उष्ण प्रदेशातील फळझाडे करमुक्त करायची होती. ‘फ्रूट प्लांट्स’ या दोन शब्दांच्या मधोमध स्वल्पविराम पडला, आणि वाचन झाले ‘फळे, झाडे’. फळांच्या आयातदारांनी भरलेला कर परत मागितला, शेवटी सरकारला तो द्यावा लागला. नुकसान सुमारे वीस लाख डॉलरचे झाले, असे सांगतात. त्या दोन शब्दांना हायफनने घट्ट बांधले असते तर मध्ये स्वल्पविराम शिरायला फटच उरली नसती.

दुकानाचे आणि माणसाचे नाव

आता जो भाग आमच्या वाचकांना सर्वांत जवळचा आहे त्याकडे येऊ. आपल्या दुकानांच्या नावात ‘अल’ फार. अरबीत हा ‘अल’ पुढच्या शब्दाला जोडूनच लिहितात; म्हणून इंग्रजी अक्षरांत तो लिहिताना विद्वान मंडळी हायफन देतात, ‘अल-मदिना’, ‘अल-नूर’. उच्चाराप्रमाणे ‘अन-नूर’ लिहिणारेही आहेत. फारसीतून आलेल्या ‘ए’चेही तसेच. १९६०च्या ‘मुघल-ए-आझम’ चित्रपटाच्या इंग्रजी नावात दोन हायफन आहेत, ‘दिवान-ए-खास’मध्येही दोन, सुटे शब्द मिळून एक नाव झाल्याची ती खूण. ‘अब्दुल’ हे एकटे नाव नव्हे. ‘अब्द-उर-रहमान’ हे सबंध एक नाव आहे, आणि हायफन ते एक असल्याचे दाखवतो. पण फॉर्मवर पहिले नाव, मधले नाव, आडनाव अशी घरे असतात. त्या घरांत हे एकच नाव तुकड्यातुकड्यांनी जाऊन बसते, आणि मग काउंटरवरचा माणूस ‘अब्दुलसाहेब’ अशी हाक मारतो.

व्याकरणाने हायफन बरोबर, यात वाद नाही. परंतु कागदपत्रांत व्याकरणापेक्षा सारखेपणा मोठा. पाटीवर ‘अल-मदिना’, बँकेच्या खात्यात हायफन नसलेले दोन शब्द, बिलबुकावर एकच जोडशब्द, अशी एका दुकानाची तीन नावे झाली की गिऱ्हाइकाने दिलेला चेक कोणत्या नावाचा असावा हाच प्रश्न उभा राहतो. जीएसटीच्या नोंदणीत कायदेशीर नाव पॅनप्रमाणे घेतले जाते आणि दुकानाचे व्यापारी नाव निराळे लिहिता येते. ते व्यापारी नाव एकदा ज्या हायफनसह किंवा हायफनशिवाय नोंदले, तेच उद्यम नोंदणीत, बँकेत आणि बिलावर अक्षरशः तसेच ठेवावे. उद्यम क्रमांकातच हायफन आहेत: उद्यम हा शब्द, मग राज्याची दोन अक्षरे, जिल्ह्याचे दोन आकडे आणि शेवटी सात आकडे; मधल्या तिन्ही रेघांसह तो लिहावा. पॅन, जीएसटी क्रमांक आणि बँकेचा आयएफएस कोड यांत एकही रेघ नाही. वाचायला सोपे जावे म्हणून आपल्या मनाने घालू नये.

माणसाच्या नावाचे तर विशेष जपावे. पॅन आधारशी जोडताना नाव, जन्मतारीख जुळावी लागते. आखाती देशात कामाला किंवा हजला जाणाऱ्यांनी पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात त्या पाहाव्यात. त्या ओळींत हायफनला जागाच नाही. आंतरराष्ट्रीय नियमाने त्याच्या जागी बाणाच्या टोकासारखी भरणखूण येते. तिकिटावर नाव पासपोर्टप्रमाणे घ्यावे, दुकानाच्या कार्डाप्रमाणे नव्हे. मुलांची नावे शाळेत घालताना हायफन द्यायचा की नाही ते घरात आधी ठरवून, सर्व भावंडांना एकच पद्धत ठेवावी. दाखल्यावर जे चढते तेच पुढे आधार, पॅन आणि पासपोर्टपर्यंत जाते.

पाट्या रंगवणाऱ्या आमच्या कारागीर बांधवांना शेवटी एक विनंती. नाव आणि धंदा यांच्यामध्ये शोभेसाठी रेघ ओढण्याची रीत आहे, ‘अल-मदिना - टेलर्स’ अशी. यात दोन रेघा झाल्या आणि दोन्ही सारख्याच लांबीच्या, म्हणून वाचणाऱ्याला तिन्ही शब्द मिळून नाव वाटते. पहिली रेघ लहान, अक्षरांना चिकटलेली ठेवावी. दुसरी काढूनच टाकावी आणि ‘टेलर्स’ खालच्या ओळीत लहान अक्षरांत घ्यावे. रंग हातात घेण्याआधी मालकाकडून नोंदणीचा कागद मागून घ्यावा आणि रेघ आहे की नाही ते त्यावर बोट ठेवून पाहावे.